यंत्रातली वाघर

आयुष्यात मी दोन वाघरी उभ्या केल्या. पहिली सांगोल्याकडच्या माळावर, वडिलांच्या हाताखाली. दुसरी सोलापुरात, सात रस्ता चौकापासून चालत जाण्याजोग्या एका कॉलेजात, यंत्राच्या पोटात. पहिलीने मला कधी दगा दिला नाही. दुसरीने भर सभेत माझी शोभा केली. आज तो प्रसंग सांगताना मी हसून हसून बेजार होतो, पण त्या दिवशी माझं पाणी पाणी झालं होतं.

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं दोरीचं जाळं. मेंढरं घेऊन रानोरान फिरणाऱ्या माणसाला भिंत कुठली? दिवस मावळायच्या सुमाराला ज्याच्या रानात मुक्काम असेल तिथे खुंट्या ठोकायच्या, जाळं ताणून गोल बांधायचं, झाला वाडा. जाळं जेवढं तेवढाच वाडा. ओढूनताणून तो मोठा होत नाही. सकाळी तोंड सोडलं की मेंढरं आपल्या पायांनी बाहेर पडतात आणि वाघर आपोआप रिकामी होते. ती कुणी रिकामी करावी लागत नाही. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, तिनेच पुढे घात केला.

दुसरी गोष्ट मोजण्याची. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. मोजली की नजर लागते. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, एखाद्या शेतकऱ्याने विचारलं, "किती हायती?" तर आबा कळपावरून एकदा नजर फिरवून म्हणायचे, "हायती की समदी." एवढ्यावर विषय संपला. एखादं कमी असेल तर ते नजरेलाच कळायचं. मला लहानपणी वाटायचं की जगात आकडा नावाची गोष्ट फक्त शाळेपुरती असते. गंमत अशी की पुढे मी गणितातच एम. एस्सी. केलं.

नोकरी लागली ती त्या कॉलेजात, डेमॉन्स्ट्रेटर म्हणून. सत्तरचं दशक संपत आलेलं होतं. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळेच नुसतं सर म्हणत, त्यांनी कुठून कुठून खटपट करून पुण्यातल्या एका कचेरीने टाकून दिलेला कॉम्प्युटर मिळवला होता. दोन गोदरेज कपाटांएवढं ते धूड हमालांनी जिन्यावरून चढवताना सर मागून असे चालत होते की जणू घरी सून येतेय. त्या खोलीला गावातला दुर्मीळ एअरकंडिशनर बसवला, आणि मग मे महिन्यात मराठीच्या, इतिहासाच्या प्राध्यापकांनाही आधुनिक विज्ञानाची फार गोडी लागली. चपला बाहेर काढून ते आत येत, यंत्राकडे आदराने बघत आणि गार होऊन जात. रोज काम संपलं की यंत्रावर आपली सोलापुरी चादर पांघरली जाई. धूळ बसू नये म्हणून, असं सर म्हणत. मला वाटतं माया होती.

यंत्र चालवणारे आम्ही तिघं. सर, मी आणि अक्का. अक्का पद्मशाली समाजातल्या, घरी माग, माहेरी माग, बोलणं निम्मं मराठी निम्मं तेलुगू. कागदाच्या फितीवर भोकं पाडून यंत्राला मजकूर भरवायचं काम त्यांचं. त्या यंत्राची मेमरी म्हणजे बारीक लोखंडी मण्यांची जाळी होती, प्रत्येक मण्यातून तारा ओवलेल्या. सरांनी झाकण काढून ती दाखवली तेव्हा अक्का म्हणाल्या की हे तर आमच्याच घरचं काम, फक्त सूत तेवढं कडक. वीज गेली तरी या मण्यांना पाठ केलेलं आठवत राहतं, असं सरांनी मला सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

त्या यंत्राला दोन भाषा येत. एक जरा सभ्य, गणिताची सूत्रं लिहिता येतील अशी. पण ती नुसती येऊन बसली तरी निम्मी मेमरी खाऊन टाकायची. लग्नाला आलेल्या पाहुण्यांनीच घर भरून जावं तशी गत. म्हणून आम्ही दुसरी वापरायचो, यंत्राच्या अगदी जवळची. तिच्यात काहीच आयतं मिळत नाही. दहा नावं ठेवायची असली तरी मेमरीतले दहा खण ओळीने आपणच अडवायचे, पहिला कुठे सुरू होतो आणि शेवटचा कुठे संपतो ते आपणच सांभाळायचं. सर बजावायचे की किती खण हवेत ते आधी ठरव, मग एक खणही पुढे सरकू नकोस, कारण पुढच्या खणात तुझाच प्रोग्राम बसलाय. त्याच्यावर पाय दिलास तर तो तिथेच राम म्हणेल. बाकीच्यांना हे समजायला जड जायचं. मला एका ऐकण्यात समजलं. जाळं जेवढं तेवढाच वाडा. मनातल्या मनात मी त्या खणांच्या रांगेला वाघरच म्हणू लागलो.

आता माझ्या बहिणीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापायी घडलं. ती माझ्याहून बरीच धाकटी. त्या वर्षी दहावी झाली, आमच्या वस्तीवरून दहावी होणारी पहिली मुलगी. तिला अकरावी सायन्सला सोलापुरात यायचं होतं. आबांची ना नव्हती, पण एक अट होती: आमच्या संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तर. मी तिघा सड्या मित्रांबरोबर एका खोलीत राहायचो, तिथे तिला आणणं शक्यच नव्हतं. जागा मिळाली नाही तर ती माघारी जाणार, आणि माघारी गेलेली मुलगी पुन्हा पुस्तकाकडे येत नाही, हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तिने फॉर्म भरला आणि मला म्हणाली, "दादा, तू फकस्त माजं नाव नीट वाचता यील असं बघ."

वसतिगृहात जागा साठ आणि अर्ज शंभराच्या घरात. त्या आधी जागा चिठ्ठीवर मिळत. कुणाच्या मेव्हण्याची चिठ्ठी, कुणाच्या वकिलाची चिठ्ठी. सरांना त्याचा मनस्वी राग. त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना गळ घातली की यंदा यादी यंत्राला करू द्या, मार्कांप्रमाणे, संचालकांच्या डोळ्यांदेखत. यंत्र सांगेल ते शेवटचं. तीच यादी फळ्यावर लागेल. अध्यक्ष नातेपुत्याकडचे बडे बागायतदार. त्यांना चिठ्ठ्या आणणाऱ्यांचा कंटाळा आला असावा, कारण ते लगेच हो म्हणाले. तो प्रोग्राम लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी सरांना बहिणीचं सांगितलं. ते म्हणाले की मार्क यंत्र बघणार आहे, तू नाही, लिही मुकाट्याने.

लिहिला. मन लावून लिहिला. साठ खण अडवले. मुली मार्कांच्या क्रमाने एकेक आत येणार. प्रत्येकीसाठी यंत्राने पहिल्या खणापासून बघत जायचं. खण मोकळा दिसला की तिला तिथे बसवायचं, भरलेला दिसला की पुढचा बघायचा. साठही भरलेले दिसले तर तिचं नाव वेगळं छापायचं: जागा नाही. शेवटी खणांतली सगळी यादी छापायची. तपासून बघायला माझ्याकडे मुलींची नावं नव्हती, अर्ज अजून यायचे होते. तेव्हा मी आमच्या मेंढरांची नावं घातली. बांडी, मोरी, बुची, काळतोंडी, भुरी, टिकली, आठवली तितकी. नुसती नावं घालून भागणार नव्हतं म्हणून मार्कही दिले. बांडी कळपाच्या पुढे चालते म्हणून तिला सगळ्यांत जास्त. काळतोंडीने एकदा मला बांधावरून ढकललं होतं, तिला काठावर पास केलं. अक्का फितीवर भोकं पाडताना विचारत होत्या की या कुठल्या गावच्या मुली. मी म्हटलं, आमच्याच.

प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला. मेंढरं ओळीने आत गेली, ओळीने छापून आली. मला तर गगन ठेंगणं झालं. मी पुन्हा चालवणार होतो, पण सरांनी हात धरला. एकदा चाललंय ना, आता त्याला बोट लावू नकोस, असं म्हणून त्यांनी यंत्र बंद केलं आणि चादर पांघरली.

यादीच्या दिवशी आबा बहिणीला घेऊन सकाळच्या एस.टी.ने आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात कडक भाकरीचं गाठोडं. मी त्यांना व्हरांड्यात बाकावर बसवलं आणि आत गेलो. आत अध्यक्ष आणि संचालक गार हवेत खुर्च्या टाकून बसले होते. सरांनी इस्त्रीचा कोट घातला होता. अक्कांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं होतं. नारळ मात्र सरांनी बाहेर फोडायला लावला, पाणी उडेल म्हणून. मी फीत लावली, कळ दाबली, आणि टेलिप्रिंटर खडखडायला लागला.

आधी आली ती 'जागा नाही'वाल्यांची नावं. मी फक्त एकच नाव शोधत होतो, आणि ते आलं. माझ्या बहिणीचं नाव, आणि त्याच्यापुढे: जागा नाही. मी तिचे मार्क जाणत होतो, बाकीच्या अर्जांचेही मार्क एव्हाना पाहिले होते. ती पहिल्या साठांत शेवटी शेवटी बसायला हवी होती, असा माझा अंदाज. पण अंदाज म्हणजे अंदाज. आता तिला हे कसं सांगायचं? खरंच सांगतो, त्या क्षणी ते यंत्र उचलून सिद्धेश्वर तलावात टाकावं असं मला वाटलं.

मग खणांतली यादी छापायला सुरुवात झाली. अध्यक्ष उठून टेलिप्रिंटरजवळ उभे राहिले. इंग्रजी अक्षरं जुळवत त्यांनी पहिलं नाव मोठ्याने वाचलं. "बांडी." मग दुसरं. "मोरी." तिसऱ्याला ते थांबले. "बुची? सर, ह्या पोरी हायत्या कुणाच्या? मार्क लई हायत की."

टेलिप्रिंटर आपला टिकली, भुरी, काळतोंडी छापत होता. मला आधी काही उमजलं नाही, आणि मग सगळं एकदम उमजलं. मणी विसरत नाहीत. मी वाघर बांधली होती, पण ती रिकामी केलीच नव्हती. मेंढरं सकाळी आपल्या पायांनी निघून जातात हे माझ्या इतकं अंगवळणी पडलेलं, की यंत्रातली मेंढरंही गेली असणार असं मी गृहीत धरलं होतं. ती कुठे जातात! चादरीखाली गुबगुबीत बसून होती. त्या आधी यंत्र बसवणाऱ्या इंजिनिअरने मेमरी कोरी करून दिली होती म्हणून माझा पहिला प्रयोग साधला. आता नव्या मुलींना सुरुवातीचे खण मोकळे दिसले नाहीत, आणि मेंढरांनी जेवढे खण अडवले तेवढ्या शेवटच्या मुली बाहेर राहिल्या. माझ्या बहिणीची जागा आमच्याच मेंढरांनी खाल्ली होती.

मी सांगून टाकलं. या मुली नाहीत, आमची मेंढरं आहेत. अध्यक्ष माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या पोटात हसू उकळायला लागलं, ते वर आलं, आणि ते खुर्चीवर बसून डोळे पुसू लागले. संचालकही हसले. सर हसले नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"किती मेंढरं घातलीस?" अध्यक्षांनी विचारलं.

"मोजली न्हाईत," मी म्हणालो. कॉलेजात मी कधी असं बोलत नसे, पण तोंडातून घरचंच निघालं.

त्यावर ते आणखी हसले. पण एका संचालकांना हसू आलं नाही. ते म्हणाले, आणि बरोबरच म्हणाले, की यंत्र सांगेल ते शेवटचं असं ठरलंय; आता हा मुलगा काहीतरी बदलणार, मग यादी बदलणार, मग चिठ्ठ्या काय वाईट होत्या? मला वाटलं आता गप्प बसलो तर बहिणीची जागा कदाचित मिळेलही, पण जन्मभर लोक म्हणतील की भावाने घुसवली. आणि बोललो तर कदाचित परत चालवूच देणार नाहीत. मला गप्प बसणं जमत नाही, हे माझे मित्र सांगतील. बाहेर राहिलेल्यांत माझी सख्खी बहीण आहे, मी म्हणालो, आणि ती आत्ता व्हरांड्यात बसली आहे.

तेव्हा सर उठले. त्यांनी मला खडू दिला आणि फळ्याकडे बोट केलं. "काय बदलणार ते सगळ्यांसमोर लिही. मग बाहेर जा. फीत अक्का भरतील, कळ मी दाबीन."

मी फळ्यावर खण काढले. साठ नाही काढले, सहा काढले. खण मोकळा दिसतो का हे यंत्राने बघायचंच नाही, असं मी सांगितलं, कारण मेमरीतला खण मोकळा कधीच नसतो. कुणाचं ना कुणाचं काहीतरी त्यात पडलेलं असतं. त्याऐवजी एक जादा खण ठेवायचा आणि त्यात फक्त आकडा: आत किती बसल्या. सुरुवातीला तिथे शून्य मांडायचं. एक आत आली की एक वाढवायचा. जेवढा आकडा तेवढेच खण आपले, त्यापुढे काय पडलंय त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही, मग बांडी असो की कुणी असो. आकडा साठ झाला की वाघरीचं तोंड बंद. हे सांगताना माझ्या लक्षात आलं की मी हे आधीच का केलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट, पुस्तकातही होती. पण आत किती आहेत ते मोजायचं म्हटलं की माझा हात मागेच यायचा. गणिताची पदवी एका बाजूला आणि आबांची नजर एका बाजूला, आणि प्रोग्राम लिहिताना जिंकले होते आबा.

शंका घेणाऱ्या संचालकांनी दोन प्रश्न विचारले. मग म्हणाले, चालवा.

मी बाहेर आलो. आबा आणि बहीण बाकावर होती. झालं ते मी थोडक्यात सांगितलं. बहिणीने पदराची नसलेली कड शोधावी तसं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. आतून अक्कांच्या मशीनचा टकटक आवाज येत होता, त्या माझे नवे हुकूम फितीवर उतरवत होत्या. तो थांबला. मग बराच वेळ काहीच नाही. मग टेलिप्रिंटर. बंद दाराआडून नुसता खडखडाट, एक ओळ, दुसरी ओळ, आणि कुणाचं नाव छापतंय ते कळायला मार्ग नाही. मी आयुष्यात पुष्कळ परीक्षा दिल्या, पण कुठल्याही निकालाची अशी वाट पाहिली नव्हती. आबांनी तेवढ्यात गाठोडं सोडून भाकरी मोडली आणि शेंगांची चटणी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, आबा, आत्ता? ते म्हणाले की मेंढरं कोंडेपर्यंत माणसाने उपाशी का राहायचं.

दार उघडून अक्का बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना, कारण त्या नेहमीच तशा दिसायच्या. बहिणीसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "शेवटचा नंबर. पण आतमधी आहे."

बहिणीने आधी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे, आणि मग ती रडायला लागली. मलाही रडू आलं, ते मी भाकरीच्या घासाबरोबर गिळलं. आबा मात्र निवांत होते. "शेवटचं मेंढरू आत आलं की मगच वाघर बांदायची असती," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं की मघा पहिल्या नंबरात कोण आली होती. मी सांगितलं, बांडी. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. ती म्होरंच असती कायम, ते म्हणाले.

यादी फळ्यावर लागली. अध्यक्ष जाताना व्हरांड्यात थांबले आणि आबांशी मेंढरांबद्दल खूप वेळ बोलले. नातेपुत्याला आमच्या रानात एकदा मुक्काम टाका, असं निमंत्रणही दिलं. सर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले की मेंढरांच्या नावाची ती पहिली यादी कुठे आहे, ती मला दे. मला वाटलं फाडणार. त्यांनी ती घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि तेव्हा कुठे हसले.

पण मला सांगायचं होतं ते त्याच दुपारचं. बहिणीची पेटी वसतिगृहात ठेवून आम्ही दोघं आबांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. सांगोल्याची गाडी लागलेली होती. आबा खिडकीशी बसले, घोंगडं मांडीवर घेतलं. आम्ही खाली उभे. बहीण उगाचच विचारत होती की मोरीला आता कोण चारणार, बुचीच्या कानाला तेल लावता की नाही. आबा हूं हूं म्हणत होते. तेवढ्यात कंडक्टर आला, चिमटा वाजवत. आबांच्या शेजारची जागा रिकामी होती. सकाळी येताना तिथे बहीण बसली होती. कंडक्टरने खाली उभ्या असलेल्या आमच्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं आणि विचारलं, "किती जणं?"

मला माहीत होतं की आबा काय म्हणतील. जन्मभर तेच म्हणत आले होते. त्यांनी आमच्यावरून एकदा नजर फिरवली, अगदी कळपावरून फिरवायचे तशी.

"एकच हाय," ते म्हणाले. "बाकीची समदी हितंच हायती."